अभयदानाकडून औषधदानाकडे : पांजरपोळांच्या पशुसेवेची वाटचाल

जैन परंपरेत गृहस्थाच्या कर्तव्यांमध्ये आहारदान, औषधदान, शास्त्रदान आणि अभयदान अशी चार दाने सांगितली आहेत. यांपैकी अभयदानाचा महिमा विशेष गाइला जातो, कारण भयभीत जिवाला जीवनाची शाश्वती देण्याहून मोठे देणे दुसरे कोणते असणार? पांजरपोळ ही संस्था म्हणजे या अभयदानाचे दगडविटांत उभे राहिलेले रूप होय. म्हातारा बैल, भाकड गाय, लंगडे घोडे, पंख तुटलेले कबूतर, ज्यांचा बाजारात काहीही मोबदला येत नाही अशा जिवांना तेथे आसरा मिळाला. ही परंपरा शतकानुशतके अखंड चालत आली याचा समाजाला सार्थ अभिमान आहे.

तथापि जिवाला मृत्यूपासून वाचविणे आणि त्या जिवाची वेदना शमविणे या दोन गोष्टी इतिहासात एकाच वेळी साध्य झालेल्या नाहीत. पहिली पुष्कळ आधी साधली. दुसरीला फार काळ लागला आणि ती अद्यापही पुरती साधलेली नाही. अभयदानापासून औषधदानापर्यंतच्या या वाटचालीत अनेकांची पुण्याई आहे, काही कठीण प्रश्न आहेत आणि एक अत्यंत कटू धडाही आहे. त्या सर्वांचे स्मरण येथे करावयाचे आहे.

गिरनारच्या पायथ्याशी

बाविसावे तीर्थंकर भगवान नेमिनाथ यांची कथा प्रत्येक जैन घरात सांगितली जाते. विवाहासाठी निघालेल्या राजकुमार नेमींच्या कानी वाटेत पशूंचा आक्रोश आला. वऱ्हाडाच्या भोजनासाठी ते पशू वाड्यात कोंडून ठेवलेले आहेत असे समजताच त्यांनी रथ मागे वळविला आणि पुढे गिरनार पर्वतावर दीक्षा घेतली. त्याच गिरनारच्या पायथ्याशी, जुनागढजवळ, सम्राट अशोकाचे इसवी सनपूर्व तिसऱ्या शतकातील शिलालेख आहेत. त्यांतील दुसऱ्या लेखात दोन प्रकारच्या चिकित्सेची व्यवस्था केल्याचे नमूद आहे : एक मनुष्यांची आणि दुसरी पशूंची. जेथे औषधी वनस्पती नव्हत्या तेथे त्या आणवून लावल्या, असेही त्यात म्हटले आहे. पशूंची कणव आणि पशूंची चिकित्सा या दोहोंच्या आठवणी एकाच पर्वताच्या आसऱ्याला नांदत आहेत, हा योगायोग मोठा बोलका आहे.

प्राचीन भारतात पशुवैद्यक प्रगत होते. अश्ववैद्यकासाठी शालिहोत्राचे आणि गजवैद्यकासाठी पालकाप्याचे नाव आदराने घेतले जाते. परंतु घोडा आणि हत्ती हे राजाच्या सैन्याचे आधार होते. त्यांच्या उपचारामागे उपयुक्ततेचा विचार होताच. जैन श्रावकाचाराने घालून दिलेली मर्यादा यापेक्षा वेगळी आहे. अहिंसाणुव्रताचे जे पाच अतिचार सांगितले आहेत, ते बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध हे होत. म्हणजे बांधून वा कोंडून ठेवणे, मारणे, अवयव छेदणे, शक्तीबाहेर ओझे लादणे आणि अन्नपाणी तोडणे. या पाचही गोष्टी गोठ्यात आणि गाडीतळावर रोज घडू शकणाऱ्या आहेत. व्रताचा भंग केवळ प्राण घेण्याने होतो असे नाही, तर वेदना दिल्यानेही ते मलिन होते, ही सूक्ष्म जाणीव येथे दिसते.

खंबायत ते भुलेश्वर

सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात हिंदुस्थानात आलेला इंग्रज प्रवासी राल्फ फिच याने खंबायत येथे लंगडी कुत्री, मांजरे आणि पक्षी यांच्यासाठी असलेल्या रुग्णालयांची नोंद केली आहे. सन १६२३ मध्ये तेथे आलेला इटालियन प्रवासी पिएत्रो देल्ला व्हाल्ले यानेही पक्ष्यांचे रुग्णालय पाहून त्याचे वर्णन लिहून ठेवले. सुरतेच्या अशा संस्थेविषयीही युरोपीय प्रवाशांनी लिहिले आहे. त्यांच्या लेखनात कौतुक आहे आणि अचंबाही आहे, कारण ज्या पशूपासून काहीही मिळावयाचे नाही त्यासाठी पैसा खर्च करणारा व्यापारी त्यांनी इतरत्र पाहिला नव्हता.

मुंबईच्या पांजरपोळीचा जन्म मात्र एका संघर्षातून झाला. कंपनी सरकारने मोकाट कुत्र्यांना ठार मारण्याचा हुकूम काढला होता आणि प्रत्येक कुत्र्यामागे बक्षीस मिळत असल्याने मारेकरी घराच्या दारातली कुत्रीही ओढून नेत. जून १८३२ मध्ये याविरुद्ध पारशी समाज रस्त्यावर आला. हिंदू आणि जैन व्यापारीही त्यास मिळाले, दुकाने बंद झाली आणि दंगल उसळली. शांतता झाल्यावर दोन सत्पुरुषांनी या प्रश्नावर विधायक तोडगा काढला. जमशेटजी जीजीभॉय हे पारशी आणि शेठ मोतीचंद अमीचंद, म्हणजेच शेठ मोतीशा, हे जैन. या दोघांच्या पुढाकाराने १८३४ साली भुलेश्वर भागात पांजरपोळ स्थापन झाली. खर्चासाठी व्यापाऱ्यांनी आपल्या मालावर स्वखुशीने लाग बसवून घेतली. त्या भागाला आजही पांजरपोळ याच नावाने ओळखले जाते.

या काळातील पांजरपोळीत मिळत असे ते मुख्यतः चारा, पाणी, सावली आणि अभय. आजारी जनावराला घरगुती औषध, हळदीतेलाचा लेप, कडुनिंबाचा काढा मिळे. पण मोडलेले हाड, सडलेले खूर, पोटातील कळ यांवर इलाज नव्हता. हा दोष पांजरपोळीचा नसून काळाचा होता. माणसावरील शस्त्रक्रियासुद्धा त्या काळी शुद्धीवर असतानाच, रुग्णाला धरून ठेवून केल्या जात.

भुलीच्या औषधांचा उदय

ऑक्टोबर १८४६ मध्ये अमेरिकेतील बोस्टन शहरात ईथर देऊन केलेल्या शस्त्रक्रियेचे जाहीर प्रात्यक्षिक झाले आणि १८४७ मध्ये एडिंबरोच्या डॉ. सिम्प्सन यांनी क्लोरोफॉर्मचा वापर सुरू केला. लवकरच हे दोन्ही पदार्थ घोडे आणि कुत्रे यांच्यावरही वापरले जाऊ लागले. तरीही पशूला दोरखंडांनी पाडून, जखडून शस्त्रक्रिया करण्याची रीत पुढे दीर्घकाळ टिकली. ब्रिटनमध्ये ठरावीक शस्त्रक्रियांच्या वेळी पशूला भूल देणे बंधनकारक करणारा कायदा १९१९ साली झाला. माणसाची वेदना थांबविण्याचे साधन सापडल्यावर पशूच्या वेदनेची कायद्याने दखल घेण्यास सात दशके लागली, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

मुंबईत याच सुमारास आधुनिक पशुवैद्यकाचा पाया घातला जात होता. प्राण्यांवरील क्रौर्य रोखण्यासाठी १८७४ साली संस्था स्थापन झाली. सर दिनशा माणेकजी पेटिट यांच्या दातृत्वातून १८८० च्या दशकात परळ येथे बाई साकरबाई दिनशा पेटिट पशुरुग्णालय उभे राहिले आणि १८८६ मध्ये त्याच परिसरात मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. भुलेश्वरची पांजरपोळ आणि परळचे रुग्णालय यांतील अंतर काही मैलांचेच. परंतु एकीकडे आश्रय होता आणि दुसरीकडे चिकित्सा. हे दोन प्रवाह एकत्र येणे हीच पुढील शतकाची गरज होती.

साबरमतीचे वासरू

ही गरज किती निकडीची आहे याची जाणीव १९२८ साली साऱ्या देशाला झाली. साबरमती आश्रमातील एक वासरू असाध्य आजाराने तडफडत होते. उपचार थकले. कूस बदलतानाही त्याला असह्य यातना होत. महात्मा गांधींनी सहकाऱ्यांशी विचारविनिमय करून डॉक्टरांकरवी सुई देऊन त्या वासराचा अंत घडवून आणला आणि त्यामागील आपली भूमिका ‘नवजीवन’ व ‘यंग इंडिया’ या पत्रांतून मांडली. त्यावर मोठे वादळ उठले. अहिंसेच्या उपासकाने जीव घ्यावा, हे अनेकांना आणि विशेषतः जैन समाजाला मान्य होणे शक्य नव्हते. आयुष्य हे कर्मानुसार प्राप्त झालेले असते, ते तोडण्याचा अधिकार दुसऱ्या कोणासही नाही, ही जैन विचाराची ठाम भूमिका आहे. आज ना उद्या बरा होण्याची शक्यता सर्वज्ञ नसलेल्या माणसाने कोणत्या आधारावर नाकारावी, हाही प्रश्न त्यामागे आहे.

या वादात कोणाची बाजू बरोबर होती याचा निवाडा करण्याचे हे स्थळ नव्हे. परंतु गांधीजींनी उपस्थित केलेला प्रश्न टाळता येणारा नाही : जो जीव घेणार नाही, तो त्या जिवाच्या यातनांचे काय करणार? भारतीय कायद्यानेही १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियमात, जगविणे हेच क्रौर्य ठरेल अशा पशूचा अंत घडविण्याची तरतूद ठेवली आहे. जैन संस्था त्या मार्गाने जात नाहीत. म्हणूनच त्यांची जबाबदारी इतरांपेक्षा अधिक ठरते. ज्या घरात मृत्यूचा पर्याय नाही, त्या घरात वेदनाशमन हा ऐच्छिक उपकार राहत नाही. ते ऋण होते. १९२८ साली ते फेडण्याची साधने तोकडी होती. पशूंना सहज देता येतील अशी प्रभावी वेदनाशामके तेव्हा जवळजवळ नव्हतीच. आज ती सबब उरलेली नाही.

लाल मंदिरातील पक्षी

आश्रय आणि चिकित्सा एकाच छताखाली आणण्याचा एक सुंदर प्रयत्न दिल्लीत झाला. चांदणी चौकातील दिगंबर जैन लाल मंदिराच्या आवारातील पक्ष्यांचे धर्मार्थ रुग्णालय १९२९ च्या सुमारास सुरू झाले आणि पुढे १९५० च्या दशकात त्यास स्वतंत्र इमारत लाभली. या कार्यास आचार्य श्री देशभूषण महाराज यांची प्रेरणा होती. येथे पक्ष्यांवर विनामूल्य उपचार होतात आणि बरा झालेला पक्षी आणून देणाऱ्याच्या पिंजऱ्यात परत न जाता आकाशात सोडला जातो. मांसाहारी शिकारी पक्ष्यांना तेथे ठेवून घेत नसले तरी त्यांच्या जखमांवर उपचार केले जातात. आहाराच्या नियमाला बाधा न आणता करुणेचे दार कोणासही बंद न ठेवण्याची ही तोड विचार करण्याजोगी आहे.

पंख्याचे पाते लागलेली कबुतरे आणि पतंगाच्या मांजाने कापलेले पक्षी हे अशा रुग्णालयांचे नेहमीचे रुग्ण. मकरसंक्रांतीच्या दिवसांत गुजरातेत आणि मुंबईत असे शेकडो पक्षी जखमी होतात. गुजरात राज्यात त्यांच्यासाठी २०१७ पासून करुणा अभियान राबविले जाते आणि त्याच वर्षी राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने नायलॉनच्या मांजावर देशभर बंदी घातली. जखमी पक्ष्याच्या बाबतीत मलमपट्टीआधी आणखी काही लागते, हे या कार्यातून पुष्कळांना उमगले. भेदरलेला पक्षी धक्क्यानेच दगावतो. त्यास प्रथम उबदार, अंधाऱ्या व शांत खोक्यात विसावा द्यावा, रक्तस्राव थांबवावा, वेदनाशामक द्यावे आणि मगच पंखाला हात घालावा, हा क्रम आता रूढ झाला आहे.

वेदना आणि जखम भरणे

वेदना हा केवळ जखमेचा परिणाम नसून ती जखम भरून येण्याच्या आड येणारी बाधा आहे, ही विसाव्या शतकातील पशुवैद्यकाची महत्त्वाची शिकवण होय. दुखणाऱ्या जनावराचे रवंथ थांबते. रवंथ थांबले की पचन बिघडते आणि अंगातील ताकद सरते. पाय दुखतो म्हणून गाय बसून राहते. तिच्याच वजनाने खालच्या बाजूचे स्नायू चेंगरतात, कातडीला फोड व जखमा होतात आणि मग पाय बरा झाला तरी ती उठू शकत नाही. उलट, वेळीच वेदना शमली तर तेच जनावर उठते, चारा घेते, आणि निम्मे काम निसर्गच करतो. मऊ गादीसारखे गवताचे अंथरूण, दर काही तासांनी कूस बदलणे, तोंडाशी पाणी आणि ओळखीच्या माणसाचा हात हेही वेदनाशमनाचेच भाग आहेत.

शरीराचा ठरावीक भाग बधिर करण्याच्या औषधांनी तर मोठी क्रांती केली. बैलांमध्ये आढळणाऱ्या शिंगाच्या कर्करोगात शिंगाकडे जाणाऱ्या मज्जातंतूजवळ सुई देऊन शिंग वेदनेविना काढता येते. शहरातील गाई उकिरड्यावरील प्लास्टिक खातात आणि कोठीपोटात त्याचे गोळे साठतात. अशा गाईची डावी भकाळी बधिर करून, ती उभी असतानाच, ते बाहेर काढले जातात. खांदेसूज, खुरातील जखमा, लाळ-खुरकुतीचे चट्टे यांसाठी सूज व वेदना दोन्ही कमी करणारी औषधे उपलब्ध झाली.

एक अडचण मात्र राहिली. गाय आपले दुखणे सांगत नाही. किंबहुना शत्रूपासून स्वतःस जपण्यासाठी गुरे आपली वेदना लपवितात. कान पाडणे, दात खाणे, पाठ कमानीसारखी करणे, कळपापासून दूर उभे राहणे या खुणा जाणत्या गवळ्याला पूर्वीपासून ठाऊक होत्या. गेल्या काही वर्षांत संशोधकांनी घोडे, गाई व मेंढ्या यांच्या चेहऱ्यावरील बदलांवरून वेदनेचे मोजमाप करण्याच्या पद्धती सिद्ध केल्या आहेत. वेदनेच्या अभ्यासाला वाहिलेल्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२० साली वेदनेची व्याख्या सुधारताना, बोलून सांगता येत नाही म्हणून मनुष्य वा अन्य प्राण्यास वेदना होत नाही असे मानता येणार नाही, हे स्पष्ट केले. पशूला संज्ञी पंचेंद्रिय जीव, म्हणजे मन असलेला जीव, मानणाऱ्या जैन दर्शनास यात नवे काही वाटणार नाही. तरीही विज्ञानाने हे स्वीकारले याचे मोल मोठे आहे.

जैन संस्थांपुढे आणखी एक नाजूक प्रश्न असतो. उघड्या जखमेत माश्या अंडी घालतात आणि किडे पडतात. ते किडेही त्रस जीवच. गाय वाचवावी की किडे, असा पेच उभा राहतो. त्याचे सर्वांत निर्दोष उत्तर पेच उद्भवण्यापूर्वीच देता येते. जखम पहिल्याच दिवशी धुऊन झाकली, माशांना दूर ठेवणारे औषध भोवती लावले आणि गोठा कोरडा ठेवला तर ना गाईला यातना, ना किड्यांची हिंसा. येथे यत्नाचार आणि आरोग्यशास्त्र एकच गोष्ट सांगतात.

गिधाडांचा धडा

या प्रगतीच्या वाटेवरच तो कटू धडा मिळाला. १९९० च्या दशकात डायक्लोफिनॅक हे माणसांसाठीचे स्वस्त व परिणामकारक वेदनाशामक भारतात जनावरांसाठी सर्रास वापरले जाऊ लागले. लंगडणाऱ्या बैलाला, तापलेल्या गाईला त्याने आराम पडे. देणाऱ्याच्या मनात दयेखेरीज काही नव्हते. त्याच काळात आकाशातून गिधाडे नाहीशी होऊ लागली. राजस्थानातील भरतपूरच्या केवलादेव अभयारण्यात ही घट प्रथम ठळकपणे ध्यानात आली. कारण कोणासही उमगेना. अखेर २००४ साली पाकिस्तानातील संशोधनातून उलगडा झाला. औषध दिल्यानंतर थोड्याच दिवसांत मेलेल्या जनावराच्या शवात डायक्लोफिनॅक शिल्लक राही आणि ते खाणाऱ्या गिधाडांचे मूत्रपिंड निकामी होई.

पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या भारतात १९९२ ते २००७ या काळात सुमारे ९९.९ टक्क्यांनी घटली. लांब चोचीच्या गिधाडांचीही अशीच वाताहत झाली. इतका संहार होण्यास शंभरातील एकाहून कमी शवे दूषित असणे पुरेसे होते, असे अभ्यासकांचे गणित सांगते. मुंबईच्या डुंगरवाडीतील दोखम्यांवरून गिधाडे दिसेनाशी झाली आणि ज्या पारशी समाजाच्या सहकार्याने मुंबईची पांजरपोळ उभी राहिली, त्याच समाजाची प्राचीन अंत्यविधीची रीत संकटात आली. एका जिवाची वेदना शमविताना दुसऱ्या जीवजातीचा उच्छेद झाला. वृद्ध आणि लंगडी जनावरे सांभाळणाऱ्या संस्थांना वेदनाशामकांची गरज सर्वाधिक असते, म्हणून हा धडाही त्यांनीच सर्वांत आधी आत्मसात करावयास हवा.

सुदैवाने उत्तरही लाभले. मेलोक्सिकॅम हे तितकेच उपयुक्त वेदनाशामक गिधाडांना अपाय करीत नाही, हे २००६ मध्ये सिद्ध झाले आणि त्याच वर्षी भारत सरकारने जनावरांसाठीच्या डायक्लोफिनॅकचे उत्पादन थांबविण्याचे आदेश दिले. माणसांसाठीच्या मोठ्या कुप्या गोठ्यात वापरल्या जात असल्याने २०१५ मध्ये त्या कुपीचे प्रमाण ३ मिलिलिटरपुरते मर्यादित करण्यात आले. पुढे २०२३ मध्ये केटोप्रोफेन व एसेक्लोफिनॅक यांवर आणि २०२४ च्या अखेरीस निमेसुलाइडवर पशूंसाठी बंदी आली. हरयाणातील पिंजोर येथे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या सहकार्याने गिधाडांचे प्रजनन केंद्र चालविले जात आहे. परंतु गिधाडाची मादी वर्षाला एकच अंडे घालते. जे दहा-पंधरा वर्षांत नष्ट झाले ते परत येण्यास पिढ्या लागतील.

चारही दानांचा संगम

या इतिहासाकडे एकत्रितपणे पाहिले असता चार दानांचा अर्थ नव्याने उमगतो. खंबायत आणि भुलेश्वरच्या पांजरपोळींनी अभयदान व आहारदान केले. परळ आणि चांदणी चौकाने औषधदानाची वाट दाखविली. गिधाडांच्या संहाराने शास्त्रदानाचे, म्हणजे ज्ञानाचे, महत्त्व पटविले. दशवैकालिक सूत्राने ज्ञानाला दयेच्या आधीचे स्थान दिले आहे, त्याचे मर्म या घटनेइतके अन्यत्र क्वचितच स्पष्ट झाले असेल.

यातून निघणारी कर्तव्ये साधी आहेत. प्रत्येक पांजरपोळीत पशुवैद्याची नियमित भेट असावी. चाऱ्याच्या हिशेबाप्रमाणेच जनावरांच्या वेदनेची व दिलेल्या औषधाची रोजची नोंद असावी. गिधाडांना घातक औषध भेट म्हणून आले तरी ते नाकारावे, आणि जे सुरक्षित आहे तेही वजन पाहून, पशुवैद्याच्या सल्ल्यानेच द्यावे. औषध दिलेले जनावर दगावल्यास ते उघड्यावर न टाकता पुरावे. गोठ्यात राबणाऱ्या सेवकाला वेदनेच्या खुणा ओळखण्याचे शिक्षण मिळावे, कारण जनावराचा चेहरा रोज पाहणारा तोच असतो.

दात्यांनी दिलेल्या निधीतून संस्थांच्या इमारती उभ्या राहतात आणि त्यांवर दात्यांची नावे कोरली जातात, हे योग्यच आहे. भुलीची सुई, मऊ अंथरूण, रात्री उठून कूस बदलणारा सेवक यांवर मात्र कोणाचेही नाव लिहिता येत नाही. पण पांजरपोळीच्या फाटकातून आत आलेल्या मुक्या जिवाला दानांतील भेद कळत नाहीत. त्याला कळते ते एवढेच, की कालच्यापेक्षा आज दुखणे कमी आहे.